‘कॉल द मिडवाइफ’चा पहिला भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीबीसीची ‘कॉल द मिडवाइफ’ ही मालिका नव्यानं बघायला घेतलेल्यांना पहिल्याच भागात असंख्य प्रश्न पडतात. पंचवीस मुलं खरंच होती का, नन्स बाळंतपणं कशी करतात, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे त्या आईनं बाळ दवाखान्यात का नाही दिलं. त्या सगळ्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. उत्तरांमध्ये गोष्ट उघड होते, म्हणून भाग पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या.

हा भाग कधीचा आणि कोणाचा?

१५ जानेवारी २०१२ ला, रविवारी रात्री, बीबीसी वनवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन हायडी थॉमस यांचं, दिग्दर्शन फिलिपा लोथॉर्प यांचं. पहिलं पर्व सहाच भागांचं होतं. जेनी ली या तरुण सुईणीचं काम जेसिका रेननं केलं आहे. सिस्टर ज्युलियन म्हणजे जेनी ॲगटर, सिस्टर इव्हॅन्जेलिना म्हणजे पॅम फेरिस आणि केकवर जीव असलेल्या म्हाताऱ्या सिस्टर मोनिका जोन म्हणजे ज्युडी पारफिट. म्हातारपणीची जेनी आपल्याला फक्त ऐकू येते. तो आवाज व्हनेसा रेडग्रेव्हचा आहे.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

साल १९५७. सुखवस्तू घरात वाढलेली, नुकतीच सुईण म्हणून शिकून तयार झालेली जेनी लंडनच्या ईस्ट एन्डमधल्या पॉप्लर भागात नोकरीला येते. आपण एखाद्या छोट्या खासगी रुग्णालयात चाललोय अशी तिची समजूत असते. दार उघडल्यावर कळतं की हा नॉनेटस हाउस नावाचा मठ आहे. पहिल्या दिवसांत तिला भेटतात अंधाऱ्या खोल्या, ढेकूण, रस्त्यावर मारामारी करणाऱ्या बायका आणि आपल्या अंगावरचा आजार ठाऊक नसलेली गरोदर पर्ल विन्स्टन. आणि भेटते कोंचिता वॉरन. स्पेनहून आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली, चोवीस मुलांची आई. पंचविसावं पोटात असताना ती पडते, डोक्याला मार लागतो आणि दिवस भरायच्या कितीतरी आधी कळा सुरू होतात. बाकीचा भाग त्या बाळंतपणाभोवती आणि त्यानंतरच्या एका नकाराभोवती फिरतो.

पॉप्लर कुठे आहे? लंडनमध्ये १९५७ साली इतकी दैना खरंच होती?

होती. पॉप्लर हा पूर्व लंडनचा गोदीकामगारांचा भाग. आपल्याकडून निघालेला मसाला, चहा, ताग ज्या ईस्ट इंडिया डॉकमध्ये उतरायचा, ती गोदी याच परिसरात. गोदीत काम रोजंदारीवर मिळायचं, बोट आली तर हाताला काम, नाही तर नाही. त्यात ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी या गोद्यांवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली आणि घरंच्या घरं जमीनदोस्त झाली. युद्ध संपून बारा वर्षं उलटली तरी मोकळे पडलेले ढिगारे तसेच होते, पोरं त्यांच्यावर खेळत होती. रेशनिंग पूर्णपणे उठलं तेच मुळी १९५४ मध्ये. नवी घरं बांधायला सुरुवात झाली होती. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्तानं पॉप्लरमध्येच लॅन्सबरी इस्टेट नावाची आदर्श वसाहत उभी केली गेली. पण जुन्या इमारतींमधली दोन खोल्यांत आठ-दहा माणसं, मजल्यावर एक सामायिक संडास, हे चित्र मालिकेनं वाढवून सांगितलेलं नाही. गिरणगावातल्या चाळी पाहिलेल्या मराठी माणसाला ते जिने, ते दोऱ्यांवरचे कपडे आणि शेजारणींचं एकमेकींच्या घरात घुसणं लगेच ओळखीचं वाटतं.

एक आठवण म्हणून सांगते: १९३१ च्या गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मोठ्या हॉटेलात न राहता याच टापूतल्या बो इथल्या किंग्जली हॉलमध्ये मुक्कामाला होते. ज्या गल्ल्यांमधून ते सकाळी फिरायला जात, त्यांच्यासारख्याच गल्ल्यांतून जेनी सायकल मारते.

नन्स बाळंतपणं करायच्या? नॉनेटस हाउस खरं आहे का?

नाव काल्पनिक, संस्था खरी. ‘कम्युनिटी ऑफ सेंट जॉन द डिव्हाइन’ हा अँग्लिकन पंथाच्या भगिनींचा संघ. त्याची मुळं १८४८ पर्यंत जातात आणि परिचर्या व सुईणपण हेच त्यांचं काम होतं. गरिबांच्या घरी प्रशिक्षित सुईण पोचावी म्हणून त्या ईस्ट एन्डमध्ये राहिल्या. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर त्यांचं काम त्या सेवेशी जोडलं गेलं, म्हणून पॉप्लरच्या बाईला सुईणीसाठी एक पैसाही मोजावा लागत नव्हता. १९७० च्या दशकात हा संघ बर्मिंगहॅमला गेला.

काल्पनिक नावामागेही विचार आहे. सेंट रेमंड नॉनेटस हे तेराव्या शतकातले कॅटलन संत. आई गेल्यावर तिच्या पोटातून त्यांना काढलं अशी कथा आहे आणि सुइणींचे, बाळंतिणींचे ते रक्षक मानले जातात.

जेनी ली ही खरी व्यक्ती का?

होय. जेनिफर वर्थ, माहेरची ली, जन्म १९३५. तिनं १९५० च्या दशकात या भगिनींबरोबर काम केलं, पुढे इतर रुग्णालयांत वॉर्ड सिस्टर म्हणून राहिली आणि १९७३ मध्ये नर्सिंग सोडून संगीताकडे वळली. ज्या आठवणींच्या पुस्तकावर ही मालिका बेतली आहे, ते लिहिण्याचं निमित्त गमतीदार नाही, गंभीर आहे. १९९८ मध्ये टेरी कोट्स या सुईणीनं व्यावसायिक नियतकालिकात एक लेख लिहिला. साहित्यात डॉक्टर पानोपानी भेटतात, सुईण मात्र कुठंच दिसत नाही, कोणीतरी लिहायला हवं, असा त्याचा सूर होता. वर्थनं तो मनावर घेतला. पुस्तक २००२ मध्ये आलं. पुढे टेरी कोट्स याच मालिकेच्या सल्लागार झाल्या, पडद्यावरचं प्रत्येक बाळंतपण त्यांच्या नजरेखालून गेलेलं असतं. जेनिफर वर्थ मात्र मालिका पाहू शकल्या नाहीत. ३१ मे २०११ ला त्या गेल्या. पहिला भाग त्यानंतर साडेसात महिन्यांनी लागला.

रुग्णालयं फुकट होती, तर बाळंतपण घरी का?

जागा नव्हत्या आणि बायकांना घरच बरं वाटायचं, ही दोन्ही कारणं. १९५७ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये साधारण तीनांतलं एक बाळ घरी जन्माला येत होतं. पहिलटकरणीला किंवा ज्यांचं काही अवघड आहे अशांना रुग्णालयात खाट मिळावी, बाकीच्यांनी घरी व्हावं, असा साधारण हिशोब. शिवाय घरी आधीची मुलं असायची, त्यांना टाकून आठ-दहा दिवस कोण जाणार? १९५९ मध्ये क्रॅनब्रुक या सरकारी समितीनं ७० टक्के प्रसूती रुग्णालयात व्हाव्यात असं सुचवलं. १९७० च्या पील अहवालानं तर शंभर टक्के म्हटलं. म्हणजे पहिला भाग ज्या जगात घडतो, ते जग पुढच्या पंधरा वर्षांत जवळजवळ संपणार होतं. मालिका जसजशी १९६० च्या दशकातून पुढे सरकते, तसतसं हे संपणं तिच्यात हळूहळू उतरत जातं. माझ्या मते सगळी पर्वं क्रमानं बघण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

‘महिन्याला ऐंशी ते शंभर बाळंतपणं’ हा आकडा बरोबर आहे?

वर्थनं स्वतः तो दिला आहे. आणि १९६३ पर्यंत तो महिन्याला चार-पाचावर आला, असंही तीच सांगते. मधल्या काळात, १९६१ मध्ये, गर्भनिरोधक गोळी आली. रुग्णालयातली बाळंतपणं वाढली, जुन्या वस्त्या पाडून माणसं हलवली गेली, हेही खरंच. पण वर्थ सर्वात मोठं श्रेय गोळीला देते, आणि चोवीस मुलांच्या आईच्या घरी पाऊल टाकलेल्या बाईनं ते द्यावं यात नवल नाही.

सुईणीच्या पिशवीत काय काय असतं? तो लाकडी कर्णा कसला?

तो पिनार्ड. फ्रेंच डॉक्टर आडॉल्फ पिनार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो रूढ केला. रुंद तोंड पोटावर टेकवायचं, अरुंद बाजूला कान लावायचा, हात काढून घ्यायचा. बाळाच्या हृदयाचे ठोके घड्याळावर मोजायचे. वीज नको, बॅटरी नको. मात्र बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे हे आधी हातानं चाचपून कळलं पाहिजे, नाहीतर आईच्याच नाडीचा आवाज ऐकत बसाल. आपल्याकडे जुन्या परिचारिकांच्या हातात असाच धातूचा कर्णा असायचा, अनेकांनी पाहिला असेल.

वेदना कमी करायला नायट्रस ऑक्साइड आणि हवेचं मिश्रण देणारं मिनिट यांचं यंत्र होतं, १९३० च्या दशकात लिव्हरपूलच्या रॉबर्ट मिनिट यांनी तयार केलेलं. सुईण ते डॉक्टरशिवाय देऊ शकत असे. १९५० पासून पेथिडिनही देता येऊ लागलं. बाकी उकळलेली कात्री, नाळ बांधायचा दोरा, वजनकाटा, एनिमाची नळी. एनिमा आणि केस काढणं हे दोन्ही तेव्हा सरसकट होतं. या भागात ते सिस्टर इव्हॅन्जेलिनाच्या खाक्यात दाखवलंय, पण कळा देणाऱ्या बाईला त्याचा फायदा काहीच नव्हता, हे पुढे अभ्यासांतून स्पष्ट झालं आणि ती प्रथा मागे पडली.

पर्ल विन्स्टनच्या प्रसंगात नेमकं काय कळतं?

तपासताना जेनीला सिफिलिसचा व्रण दिसतो. पेनिसिलिन आल्यामुळे तेव्हा तो बरा होण्यासारखा होता, पण वेळेत कळला नाही तर पोटातल्या बाळाला धोका. गरोदर बाईच्या रक्ताची सिफिलिससाठी तपासणी आजही होते, आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा. प्रसंग छोटा आहे. जेनीची घृणा आणि तिचं स्वतःच्या घृणेला लाजणं, दोन्ही त्यात येऊन जातं.

पंचवीस मुलं? हे कसं शक्य आहे?

आकडा वर्थच्या पुस्तकातला आहे. नावं तिनं बदललेली आहेत. अगदी कोवळ्या वयात संसार सुरू झाला, पुढची वीस-बावीस वर्षं जवळजवळ दर वर्षी बाळंतपण, आणि आईची तब्येत दणकट, असं तिचं वर्णन आहे. बसतं तेवढ्यात. इतकी बाळंतपणं झालेल्या बाईची गर्भपिशवी सैल पडते, प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नाही. म्हणून अशी बाई सुइणीच्या दृष्टीनं पहिलटकरणीपेक्षाही जास्त जोखमीची. जेनीला बाळाइतकीच कोंचिताची काळजी वाटते, त्याला हे कारण आहे.

नवरा-बायकोला एकमेकांची भाषा येत नाही आणि तरी ती सुखी आहेत, हे जरा गोडगोड नाही वाटत?

वाटतं, आणि ते मनात येऊ द्यावं. नवरा लेन स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला होता, तिथून तो तिला घेऊन आला. पुस्तकात वर्थ स्वतःच वर्षांचा हिशोब करते आणि तेव्हा कोंचिता केवढीशी पोर असेल या विचारानं अस्वस्थ होते. मालिकेनं ती अस्वस्थता बरीचशी पुसून टाकली आहे. मुलं दोन्ही भाषा बोलतात, आईबाप एकेकच, आणि यालाच मालिका सुखाचं गुपित म्हणते. मला हे पटत नाही. एवढ्या लहान मुलीला परक्या देशात आणून वीस वर्षांत तिला शेजारणीशी बोलण्यापुरतीही भाषा शिकायला मिळू नये, यात काहीतरी हरवलेलं आहेच.

पण लेनची दुसरी बाजूही तितकीच खरी दाखवली आहे. त्या काळी नवरे बाळंतपणाच्या वेळी खोलीबाहेर, बहुधा घराबाहेरच असत. लेन बायकोजवळ असतो, तिला आंजारतो-गोंजारतो, मुलांचं बघतो. कोंचिताच्या घरात पसारा आहे, घाण नाही. मुलं खाऊनपिऊन टुकटुकीत आहेत. भुकेनं गांजलेली कजाग बाई भेटेल या तयारीनं जेनी गेलेली असते, आणि तिला भेटते आपल्या घराची राणी. कॅरोलिना वाल्देस या अभिनेत्रीनं हे जवळजवळ एकही इंग्रजी शब्द न बोलता उभं केलं आहे.

बाळ मेलेलं जन्मलं होतं ना? मग ते रडलं कसं?

मेलेलं नव्हतं, मेलेलं समजलं गेलं. इतक्या कमी दिवसांचं बाळ निळसर, मऊ, हालचाल नसलेलं जन्माला येऊ शकतं. त्याचा श्वास इतका उथळ असतो की मंद उजेडात डोळ्यांना दिसत नाही. ठोके तपासायला दोन मिनिटं हवीत, आणि समोर आई रक्तानं माखलेली, अर्धवट शुद्धीत. एकटी सुईण कोणाला आधी धरणार? जेनी आईला धरते. ते बरोबरच आहे. पुस्तकात बाळाला इवलीशी ताटली असते तशा पसरट भांड्यात बाजूला ठेवलं जातं आणि मग त्या भांड्यात हालचाल दिसते. पुस्तकात बाहेर दाट धुकं-धुराचं मिश्रण पसरलेलं आहे, त्यामुळे डॉक्टर आणि रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो. १९५२ च्या डिसेंबरमधल्या भयानक धुरक्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला होता, पण चुली एका वर्षात बदलत नाहीत.

तिनं बाळ रुग्णालयात का दिलं नाही? तो वेडेपणा नव्हता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि हा भाग मी पुन्हा पुन्हा बघते तोही याच प्रसंगासाठी.

आधी काय घडतं ते बघू. वैद्यकीय मदत दारात आहे. बाळाला काचपेटीत घालून न्यायचं ठरलेलं आहे. सगळे मोठ्या आवाजात, चांगल्या हेतूनं, तिला न कळणाऱ्या भाषेत बोलत आहेत. कोंचिता बाळाला उघड्या छातीशी घेते, वरून पांघरूण ओढते आणि देत नाही. तिच्या तोंडून एक शब्द येत राहतो, ‘नो’, जो दोन्ही भाषांत सारखाच कळतो.

आता तेव्हाच्या रुग्णालयात त्या बाळाचं काय झालं असतं ते बघा. १९५७ मध्ये नवजात बाळासाठी श्वसनयंत्रं रुळलेली नव्हती. फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध सर्रास मिळायला अजून तीसेक वर्षं होती. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा, जॉन केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, वजन दोन किलोच्या वर होतं, जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, तरी तो दोन दिवससुद्धा जगला नाही. १९४० च्या दशकापासून काचपेटीत भरपूर ऑक्सिजन सोडायची पद्धत होती. त्यानं हजारो बाळं आंधळी झाल्याचं १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात लक्षात आलं, तेव्हा ती आवरली. आणि एक पद्धत तर आज ऐकवत नाही: दूध श्वासनलिकेत जाईल या भीतीनं कमी दिवसांच्या बाळाला पहिला दिवस, कधी दोन-तीन दिवस, काहीच पाजायचं नाही. संसर्गाच्या भीतीनं आईला आत प्रवेश नाही, फार तर काचेतून बघायचं.

कोंचितानं काय केलं? वर्थनं ते फार जवळून टिपलं आहे. बाळ रात्रंदिवस तिच्या दोन स्तनांच्या मध्ये, अंगाला अंग लावून, वरून कापडानं बांधलेलं. ती बशीत दोन-चार थेंब चीक पिळते. काचेची बारीक काडी त्यात बुडवते आणि टोकाला लोंबणारा थेंब बाळाच्या ओठांना लावते. ओठ चाटले जातात. मग दुसरा थेंब. सहा-सात थेंब झाले की थांबते. अर्ध्या तासानं पुन्हा. रात्रीसुद्धा. ओढून प्यायची ताकद नसलेल्या बाळाला थेंबाथेंबानं चीक देणं, आणि तो वेळेवर देत राहणं. खोली उबदार. घरची माणसं तिच्या दिमतीला, तिला दुसरं काही काम नाही.

ऊब, आईचं दूध, आणि सतत कोणाची तरी नजर. त्या बाळाला हवं असलेलं सगळं यात आलं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, किंवा स्पेनमधल्या कुठल्या तरी आजी-आईकडून आलं असेल. वेडेपणा तर मुळीच नव्हता. त्या खोलीतल्या सर्वांत अनुभवी माणसानं घेतलेला तो निर्णय होता, चोवीस बाळं वाढवलेल्या माणसानं. आणि जेनीचं मोठेपण हे की ती शेवटी वाद घालणं सोडते, रोज येऊन बघते आणि बघून शिकते.

म्हणजे हे आजचं ‘कांगारू मदर केअर’ झालं की!

तेच. फक्त त्याला ते नाव मिळायला दोन दशकं लागली. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या प्रसूती रुग्णालयात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी हा मार्ग धरला, डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी तो पुढे नेला. काचपेट्या अपुऱ्या, एका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्गानं मृत्यू, या अडचणीतून तो निघाला. आईच्या छातीशी बाळ बांधायचं, आईचंच दूध द्यायचं. सुरुवातीला श्रीमंत देशांनी याला गरिबांची सोय म्हटलं. पुढे पुरावा येत गेला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेनं अभ्यास केला. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना, स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं तर मृत्यू एक चतुर्थांशानं कमी होतात, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. २०२२ पासून संघटनेची शिफारसच आहे की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही शुश्रूषा सुरू करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. आईला दूध नसेल तर कमी दिवसांच्या बाळाला दुसऱ्या आईचं दूध मिळावं म्हणून १९८९ मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दूधपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. कोंचिताची बशी आणि ही पेढी यांच्यामागचं शहाणपण एकच आहे.

मग आमचं सातव्या महिन्याचं बाळ घरीच ठेवलं तर चालेल?

नाही. कृपा करून नाही. कोंचिताचं बाळ वाचलं, पण त्या काळात तशी किती वाचली नाहीत याची कथा कोणी लिहिलेली नाही. आज २८ आठवड्यांचं बाळ नवजात अतिदक्षता कक्षात जगण्याची शक्यता चांगली आहे, कारण आता फुप्फुसांचं औषध आहे, श्वासाला आधार देणारी यंत्रं आहेत, साखर आणि संसर्गावर लक्ष ठेवता येतं. आणि आता आईला बाहेर ठेवत नाहीत. उलट तुम्हीच विचारा: ‘डॉक्टर, बाळाला छातीशी कधीपासून घेऊ? दूध काढून देऊ का?’ हे विचारणं तुमचा हक्क आहे. बाबा, आजी, मावशीसुद्धा आळीपाळीनं बाळ छातीशी घेऊ शकतात.

दवाखाना लांब असलेल्या ठिकाणी काय करायचं याचं उत्तर गडचिरोलीनं दिलं. ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास बघणं, वजन करणं, ऊबदार पिशवीत गुंडाळणं, दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा राहिला. म्हणजे घरी शुश्रूषा होऊ शकते, पण शिकलेल्या हातांनी आणि मागे रुग्णालय उभं असताना.

पडद्यावरची बाळं खरी असतात का?

बहुतेक खरी, अगदी थोड्या दिवसांची. आईबाप सेटवर असतात, बाळ कॅमेऱ्यासमोर काही मिनिटंच राहतं, सेट गरम ठेवतात. प्रत्यक्ष जन्माच्या क्षणाला आणि कोंचिताच्या बाळासारख्या अतिलहान बाळासाठी हुबेहूब बाहुल्या वापरतात. सुरुवातीच्या पर्वांत मठाचं चित्रण उत्तर लंडनच्या मिल हिलमधल्या सेंट जोसेफ्स कॉलेजात झालं, आणि गोदीच्या गल्ल्यांसाठी केंटमधली चॅटमची जुनी गोदी.

गरोदर बाईनं हा भाग बघावा का?

ज्याचं त्यानं ठरवावं. रक्त आहे, ओरडणं आहे, आणि बाळ गेलं असं वाटायला लावणारी काही मिनिटं आहेत. ज्यांचं बाळ कमी दिवसांचं होतं किंवा गेलं आहे, त्यांनी सोबत कोणीतरी असताना बघावा.

चमी कुठे आहे? सगळे तिच्याबद्दलच बोलतात.

दुसऱ्या भागात येते. मिरांडा हार्टनं केलेली ती उंचपुरी, सायकल न येणारी, खानदानी घरातली सुईण.

आधी पुस्तक वाचू की मालिका बघू?

आधी मालिका. पुस्तक जास्त कठोर आहे. वेश्यावस्ती, उपासमार, अनाथ गरिबांचे आश्रम याबद्दल वर्थ हात राखून लिहीत नाही, आणि मालिका रविवार संध्याकाळची असल्यानं त्यातलं बरंच सौम्य करते. माणसं ओळखीची झाली की पुस्तकातली ती पानं पेलवतात.

पहिला भाग आवडला. पुढे काय?

पहिलं पर्व क्रमानं संपवा. जेसिका रेन तिसऱ्या पर्वाच्या शेवटी जाते, त्यानंतर मालिका पुस्तकाच्या बाहेर पडते आणि दर पर्वात साधारण एक वर्ष पुढे सरकते. एकच भाग निवडायचा झाला तर पाचव्या पर्वाचा पहिला, जानेवारी २०१६ चा. तिथं ऱ्होडा मलक्सच्या मुलीचे हात-पाय अपुरे वाढलेले असतात आणि खोलीत कोणालाच कारण कळत नाही. कारण आपल्याला ठाऊक असतं: गरोदरपणातल्या मळमळीसाठी ब्रिटनमध्ये १९५८ पासून ‘डिस्टाव्हल’ नावानं विकलेलं थॅलिडोमाइड. ते १९६१ च्या अखेरीला बाजारातून काढून घेतलं गेलं, आणि त्या पर्वाच्या शेवटी मालिकेतल्या डॉ. टर्नर यांना आपणच लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांना सामोरं जावं लागतं. ती मुलगी, सुझन, नंतरच्या पर्वांतही येते, म्हणून मधले भाग गाळू नका.